विषाणूशास्त्रात करिअर: नाशिकच्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये पदवीच्या वर्गांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याआधीची नऊ वर्षं पुण्यात, विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत गेली. बारावीचा निकाल लागला की मुलं आणि त्यांचे आई-वडील स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहतात. कुणी सिन्नरहून येतं, कुणी कळवणहून, कुणी सिडकोतून. दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही आणि अर्धवट सांगितलं तर चुकीची फी भरली जाते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

विषाणूशास्त्र म्हणजे नक्की काय? मायक्रोबायोलॉजीत ते येतंच ना?

येतं, पण एका पेपरापुरतं. जिवाणूला पोषक द्रव्य दिलं की तो अगारच्या थाळीवर रातोरात वाढतो. विषाणू असा वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते, तीही त्याला चालणारी. त्यामुळे विषाणूवर काम करायचं तर आधी पेशी वाढवायला शिकावं लागतं, आणि या विषयातला निम्मा वेळ पेशी जगवण्यातच जातो. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक विषाणू दिसत नाहीत. जे काही कळतं ते त्याने पेशीचं काय केलं, रक्तात कोणती प्रतिपिंडं तयार झाली, त्याचा आरएनए किंवा डीएनए सापडला का, यावरून.

नाशिकच्या मुलांचा एक गोंधळ मला पहिल्याच तासाला दूर करावा लागतो. द्राक्षावरची भुरी ही बुरशी आहे आणि डाऊनी बुरशीसारख्या जीवामुळे येतो. दोन्हींचा विषाणूशी संबंध नाही. टोमॅटोची पानं वळून झाड खुजं राहतं, तो मात्र बहुतेक वेळा विषाणूच.

बारावीनंतर कोणत्या वाटा आहेत?

सगळ्यांना एकच वाट माहीत असते: बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. ती सरळ आहे आणि मी स्वतः तिनेच गेले. पण विषाणू माणसाला होतात तसे गाईला होतात, कोंबडीला होतात, मिरचीलाही होतात. त्यामुळे वैद्यकीय, पशुवैद्यकीय, कृषी अशा तिन्ही बाजूंनी या विषयात येता येतं. एम.बी.बी.एस. करून एम.डी. मायक्रोबायोलॉजी केलेले डॉक्टर रुग्णालयातल्या विषाणू प्रयोगशाळा चालवतात. पशुवैद्यकीय पदवीनंतर पशुरोगांवर संशोधन करता येतं. बी.एस्सी. कृषी करून वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केली की पिकांवरच्या विषाणूंचं काम मिळतं. आणि डी.एम.एल.टी. किंवा बी.एम.एल.टी., म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स, करून थेट निदानाच्या कामाला लागता येतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण त्या कामाला आपल्याकडे उगाच कमी लेखतात.

‘नीट’मध्ये मार्क कमी पडले. म्हणून मायक्रोला घालावं म्हणतोय. चालेल का?

घाला, पण मुलाला आधी विचारा. डॉक्टरकी हुकली म्हणून आलेली मुलं पहिलं वर्षभर हिरमुसलेली असतात. त्यातल्या काही जणांना दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये एकदम गोडी लागते आणि ती पुढे उत्तम काम करतात. काही मात्र तीन वर्षं पुन्हा ‘नीट’ची पुस्तकं उघडत राहतात आणि त्यांचे दोन्हीकडून हाल होतात. मनात अजून ‘नीट’ असेल तर एक वर्ष ठरवून तेच करू द्या. मायक्रो हा मधला थांबा म्हणून घेऊ नका.

नाशिकमध्ये राहून कितपत शिकता येतं?

पदवी इथे व्यवस्थित होते. केटीएचएम आणि एचपीटी-आरवायके ही दोन्ही महाविद्यालयं जुनी आहेत, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं जातं आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे पदवी पुण्यातल्या मुलांची तीच तुमची. वैद्यकीय बाजूने जायचं असेल तर राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना पदवी देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच शहरात आहे.

जे इथे मिळत नाही तेही सांगते. विषाणू प्रत्यक्ष पेशींवर वाढवण्याचं शिक्षण पदवीच्या प्रयोगशाळेत मिळत नाही, मिळायलाही नको. त्यासाठी पुण्याला जावंच लागतं. बसने पाच-सहा तास. पदव्युत्तरला तिकडे जायचं आहे हे आत्तापासून घरात बोलून ठेवा.

एक गोष्ट मात्र नाशिककरांना अभिमानाने सांगावीशी वाटते. देशातली पहिली फिरती बीएसएल-३, म्हणजे धोकादायक विषाणूंसाठीची तिसऱ्या सुरक्षा-पातळीची, प्रयोगशाळा २०२२ च्या फेब्रुवारीत नाशिकमध्येच सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती बनवून घेतली. चाकांवर उभी असलेली आणि आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर न सोडणारी ही प्रयोगशाळा साथ जिथे आली तिथे नेता येते. २०२३ मध्ये केरळात निपाहची साथ आली तेव्हा ती कोझिकोडला गेली होती.

एनआयव्ही, एनआयव्ही सगळे म्हणतात. तिथे एवढं काय आहे?

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ साली आयसीएमआर आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केलं, त्याला १९७८ मध्ये आजचं नाव मिळालं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, आसपासची माणसं तापाने फणफणू लागली. या संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन तो विषाणू शोधला आणि तो गोचिडीतून पसरतो हे दाखवलं. तोच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपल्याकडे सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. आज जगभरच्या पुस्तकांत तो ‘चांदीपुरा व्हायरस’ याच नावाने आहे. महाराष्ट्रातल्या एका खेड्याचं नाव विषाणूंच्या यादीत आहे हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

संस्थेच्या पुण्यातल्या पाषाणच्या आवारात बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे, म्हणजे सर्वांत धोकादायक विषाणूंसाठीची. कोव्हिडच्या वेळी भारतात विषाणू वेगळा करण्याचं काम याच संस्थेने केलं आणि तिने दिलेल्या विषाणूवरून भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन बनवली.

पण विषाणूंवर काम करणारी ही एकटीच जागा नाही. पुण्यातच भोसरीला एड्सवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे. लशींच्या बाजूला पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट आणि मुंबईत हाफकिन आहे.

एम.एस्सी. व्हायरॉलॉजी कुठे करता येते? की मायक्रोच करावं?

एनआयव्हीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची दोन वर्षांची एम.एस्सी. व्हायरॉलॉजी आहे, प्रवेशपरीक्षेतून. जागा थोड्या आणि अर्ज देशभरातून, म्हणून तिच्यावरच भिस्त ठेवू नका. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठात विषाणूशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मणिपालला विषाणू संस्था आहे.

माझं स्पष्ट मत असं की चांगल्या ठिकाणी व्हायरॉलॉजी मिळाली तर घ्या, नाहीतर मायक्रो, बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. चांगल्या विभागात करा. प्रोजेक्टसाठी कोणत्या प्रयोगशाळेत सहा महिने काढले, हेच पुढे बघितलं जातं. पदवीच्या नावावर ‘व्हायरॉलॉजी’ छापलेलं आहे पण पेशीसंवर्धनाची खोली बंद पडलेली आहे, अशा ठिकाणी लाखभर फी भरून आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी तिथे जा आणि एवढंच विचारा: “सेल कल्चर लॅब बघायला मिळेल का?” दार उघडून दाखवलं तर पुढचं बोला.

लॅबमध्ये दिवसभर करतात तरी काय?

या प्रश्नाला थोडा वेळ देते, कारण टीव्हीवर दिसतो तो पांढरा सूट, आणि प्रत्यक्षातलं काम निराळं असतं.

सकाळी आल्यावर पहिल्यांदा इनक्युबेटर उघडायचा. आत ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. चपट्या फ्लास्कमध्ये तळाला पेशी चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यावर गुलाबी माध्यम. रोझ सरबतात पाणी जास्त झालं तर येतो तसा रंग. पेशी वाढल्या, त्यांनी आम्ल तयार केलं की तो पिवळट होत जातो. एका रात्रीत हळदीच्या पाण्यासारखा पिवळाधमक आणि गढूळ झाला तर जिवाणू शिरले म्हणून समजायचं. रंग बघूनच छातीत धस्स होतं.

आम्ही बहुतेक वेळा वेरो पेशी वापरायचो. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ साली जपानमध्ये त्या घेतल्या गेल्या आणि अजूनही जगभर वाढवल्या जातात. निरोगी असताना सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींना कडेला कड लावून बसलेल्या दिसतात, गोधडीच्या तुकड्यांसारख्या. त्यावर विषाणू घातला की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठे कुठे पेशी गोल होतात, फुगतात, तळापासून सुटतात आणि गोधडीला भोकं पडायला लागतात. एका आजारी माणसाच्या रक्तातून आलेलं काहीतरी इथे जिवंत आहे आणि वाढतंय, हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून गाइडना बोलावून आणलं होतं.

किती विषाणू आहे हे मोजायचं असेल तर पेशींवर घट्टसर थर घालून विषाणूला फार पसरू द्यायचं नाही, मग काही दिवसांनी जांभळा रंग द्यायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्यांच्या जागी पांढरे ठिपके राहतात. ते ठिपके मोजायचे. एक एक, बोटाने, प्लेट उजेडात धरून. यंत्रं आहेत, पण माझ्या गाइड आधी हाताने मोजायला लावत.

उरलेला वेळ पीसीआर (विषाणूचा आरएनए-डीएनए शोधणारी चाचणी), एलायझा (प्रतिपिंडं किंवा प्रथिनं शोधणारी चाचणी) आणि लिहिणं. पीसीआरच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एक खळगा मुद्दाम रिकामा, नमुना न घालता ठेवतात. यंत्राच्या आलेखात त्या खळग्याची रेषा वर गेली तर प्लेटमध्ये कुठेतरी मिसळ झाली आहे आणि बाकीचे निकाल कितीही सुंदर दिसोत, सगळे टाकून द्यायचे.

एकदा माझे तीन महिने असेच गेले. पेशी मरत नव्हत्या, माध्यम गढूळ होत नव्हतं, फक्त आकडे दर आठवड्याला थोडे वेगळे येत होते. मी ते नोंदवत राहिले आणि वर काही बोलले नाही. शेवटी तपासणी केली तर सगळ्या फ्लास्कमध्ये मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जिवाणू निघाला. तो साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याचं काही बिघडवत नाही. सगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, फेकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चूक संसर्गाची नव्हती, तो कुठेही होतो. आकडे खटकत असताना गप्प बसले ही चूक होती. म्हणून माझ्या वर्गात “मॅडम, रीडिंग विचित्र येतंय” असं कुणी म्हटलं तर मी हातातलं काम सोडून आधी ते बघते.

मुलाला काही झालं तर? लागण होण्याचा धोका किती?

हा प्रश्न नेहमी आई विचारते, आणि तो रास्त आहे.

धोक्यानुसार प्रयोगशाळांच्या चार पातळ्या असतात, बीएसएल-१ ते बीएसएल-४. पदवीचा विद्यार्थी पहिल्या पातळीवर, फार तर दुसऱ्या पातळीवर काम करतो. डेंगीसारखं काम दुसऱ्या पातळीवर, कोव्हिडचा विषाणू पेशींवर वाढवायचा तर तिसऱ्या, निपाह आणि इबोला चौथ्या. तिसऱ्या पातळीच्या आत जाण्यापूर्वी प्रशिक्षण आणि परवानगी लागते, एकट्याला काम करू देत नाहीत, आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. कामाच्या गरजेप्रमाणे हिपॅटायटिस बी, रेबीज अशा लशी आधीच देतात.

मी नऊ वर्षांत जे धोके जवळून पाहिले ते बहुतेक घाईचे होते. सुईचं टोपण परत लावायला जाणं, हातमोजे घालून मोबाइल उचलणं, रात्री नऊ वाजता “एवढं एकच उरलंय” म्हणणं. ज्या प्रयोगशाळेत वरिष्ठ माणूस स्वतः नियम पाळतो तिथे मुलगा सुरक्षित असतो. मुलाखतीला गेल्यावर हे तासाभरात कळतं.

नुसतं डी.एम.एल.टी. केलं तर विषाणूशास्त्रात काही स्थान आहे का?

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. २०२० च्या सुरुवातीला नाशिकचे घशाचे नमुने तपासायला पुण्याला जायचे. नमुना नीट घेतला नाही, थंड राहिला नाही, तर पुण्याचा कितीही मोठा शास्त्रज्ञ काय करणार?

डेंगीचं उदाहरण घ्या. सुरगाण्याच्या पाड्यावरचं तापाचं मूल. आशाताई सांगतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेतलं जातं. ते गोठू द्यायचं, फिरवून सीरम वेगळं करायचं, २ ते ८ अंशांत ठेवून सिव्हिलला पाठवायचं. आता फॉर्मवर ‘ताप केव्हा सुरू झाला’ हा रकाना असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूचं एनएस१ प्रथिन सापडतं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडं. तारीखच लिहिली नसेल तर कोणती तपासणी करायची हे कळत नाही, आणि निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टला अर्थ राहत नाही. एका रिकाम्या रकान्यापायी सगळी धावपळ वाया. बर्फ वितळून साध्या पेनने लिहिलेलं नाव पुसलं गेलेल्या नळ्या मी हातात धरल्या आहेत. त्या टाकून द्याव्या लागतात, आणि पाड्यावर आई रिपोर्टची वाट बघत असते.

२०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला चिकुनगुनियाच्या संशयाने घेतलेल्या नमुन्यांत राज्यातली पहिली झिकाची लागण सापडली. गावातून नमुने नीट आले म्हणून सापडली.

आमची शेती आहे. मुलगी म्हणते व्हायरसवर काम करायचंय. शेतीशी काही मेळ बसतो का?

पुरेपूर बसतो. नाशिक जिल्ह्यात राहून पिकांवरच्या विषाणूंकडे कुणी वळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोची फळं एकसारखी पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. तोवर हा माणसाला होतो अशी अफवा फिरली होती. वनस्पतीचा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही हे सांगणारं विश्वासाचं माणूस गावात नव्हतं.

झाडावरच्या विषाणूला मारणारं औषध दुकानात मिळत नाही. मिळतं ते वाहकाला, म्हणजे विषाणू वाहून आणणाऱ्या किडीला, मारणारं. पानं वळवणारा लीफ कर्ल विषाणू पांढरी माशी आणते, कुकुंबर मोझॅक मावा आणतो, शेंडा करपवणारा बड नेक्रोसिस थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, आणतात. कांद्यावरही थ्रिप्समधून येणारा विषाणू आहे. कोणता वाहक, कोणत्या वयाच्या झाडावर, नर्सरीतूनच रोग आला की शेतात लागला, हे ठरलं की उपाय ठरतो. रोपवाटिकेला बारीक जाळी, रोगट रोप दिसताच उपटून बाहेर, जुन्या प्लॉटशेजारी नवी लागवड नाही. शेतात वाढलेल्या मुलीची नजर यात शहरातल्या मुलीपेक्षा तयार असते. तिला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची वाट दाखवा. पुढे कृषी शास्त्रज्ञांच्या भरतीची स्वतंत्र परीक्षा असते.

जनावरांचंही तसंच. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्या उत्तर महाराष्ट्रातल्या नवापूरला. २०२२ मध्ये लम्पीने गोठ्यागोठ्यात काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा आपल्या गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्धही बरीच कामी येते. असं घराणं ओळखणं हेच विषाणूशास्त्र.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीत जमेल का?

जमेल. मीही बारावीपर्यंत मराठीतच शिकले. पहिलं वर्ष जड जातं, कारण शब्द नवे आणि कल्पनाही नव्या. पण एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही: गोवर, कांजिण्या, गालफुगी, नागीण, देवी, कावीळ हे शब्द तुमच्या आजीला ठाऊक आहेत. रोग कसा दिसतो, कितव्या दिवशी पुरळ येतं, कुणाला पुन्हा होत नाही, हे सगळं घरात ऐकलेलं असतं. त्याला फक्त इंग्रजी नावं चिकटवायची आहेत.

पेठ तालुक्यातली एक विद्यार्थिनी पुस्तकाच्या समासात पेन्सिलने मराठी लिहायची. ‘अँटिबॉडी’समोर प्रतिपिंड, ‘लेटन्सी’समोर ‘दबा धरून बसणे’. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच दबा धरून बसलेला विषाणू, हे तिने पुस्तकापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. तोंडी परीक्षेत अडखळली, पण पुढे ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास झाली. इंग्रजी बोलायला उशिरा आलं तरी चालतं. वाचता मात्र आलं पाहिजे, रोज एक पान तरी.

मुलगी आहे. इतकी वर्षं शिकायचं, लग्नाचं काय?

कोव्हिडच्या सगळ्या धामधुमीत एनआयव्हीच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम होत्या. बीएसएल-४ प्रयोगशाळेची धुरा डॉ. प्रज्ञा यादव यांच्याकडे होती. देशात बनलेलं पहिलं मान्यताप्राप्त कोव्हिड चाचणी किट पुण्याच्या ज्या कंपनीने काढलं, तिथे त्या कामाचं नेतृत्व मीनल दाखवे भोसले यांनी केलं आणि तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते. या क्षेत्रात मुली मागे नाहीत.

वर्षं लागतात हे खरं. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून बारावीनंतर दहा वर्षं धरा. पण त्यातली शेवटची पाच वर्षं मुलगी फेलोशिपवर असते, घरून पैसे मागत नाही. लग्नाचा निर्णय तिचा तिला करू द्या. पीएच.डी. चालू असताना लग्न झालेल्या आणि ती पूर्ण केलेल्या माझ्या तीन मैत्रिणी आहेत. तिघींच्याही घरात कुणीतरी एक माणूस ठामपणे मागे उभं होतं. बहुतेक वेळा सासू.

पैसे किती मिळतात?

नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,०००, वर घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. आयसीएमआरसारख्या संस्थेत सायंटिस्ट-बी म्हणून कायम लागलं तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० पासून, अधिक महागाई भत्ता वगैरे.

कायम जागा मात्र थोड्या निघतात आणि मधली काही वर्षं प्रोजेक्टवरच्या कंत्राटी कामात जातात. प्रोजेक्ट संपला की पुन्हा अर्ज. घरावर कर्ज असेल, लगेच कमवायला हवं असेल, तर आधी लस किंवा औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागा आणि नेटचा अभ्यास चालू ठेवा. तसं करण्यात कमीपणा नाही.

कोव्हिड संपला. आता या क्षेत्रात काम उरलंय का?

कोव्हिडसाठी घाईने उभ्या केलेल्या प्रयोगशाळांमधल्या बऱ्याच कंत्राटी जागा गेल्या, हे मान्य. माझे काही विद्यार्थीही त्यात होते आणि त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत कठीण गेलं. पण डेंगी दर पावसाळ्यात येतो. २०२२ च्या शेवटी मालेगावात गोवराची साथ आली. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, आणि साथ रोखायची तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळालेली असावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयांतून आता विषाणू निदानाच्या व्हीआरडीएल प्रयोगशाळांचं जाळं आहे, त्यांच्या जाहिराती बघत राहा.

हाताने काम करायला आवडत नाही, पण विषय आवडतो. काय करू?

संगणकाकडे वळा. विषाणूचा जनुकक्रम वाचून तो कुठून आला, कसा बदलला हे शोधणारी माणसं फार कमी आहेत. बी.एस्सी.लाच पायथन शिकायला घ्या. गणिताची धास्ती नसेल तर साथीच्या प्रसाराची गणितंही याच विषयात येतात.

मी एफवायला आहे. आजपासून काय करू?

जर्नल स्वतः लिहा. मित्राचं बघून उतरवलेलं रीडिंग पुढच्या आयुष्यात उपयोगी पडत नाही, आणि सवय मात्र राहते. मायक्रोपिपेट हातात मिळेल तेवढा घ्या. पाणी मोजून काट्यावर तोला, १०० मायक्रोलिटर दहा वेळा घेतलं तर दहाही वेळा ०.१ ग्रॅमच्या आसपास येतं का बघा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कुणाचंच येत नाही, पंधरा दिवसांत बहुतेकांचं येतं.

दुसऱ्या वर्षी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज करा. शास्त्रज्ञांना ई-मेल लिहाल तेव्हा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका. एकाचाच शोधनिबंध वाचा, त्यातलं न कळलेलं एक वाक्य विचारा. उत्तर येतं.

आणि माझ्याकडे यायचं असेल तर शनिवारी दुपारी, प्रॅक्टिकल आटोपल्यावर या. गुणपत्रिका नको, जर्नल घेऊन या. त्यात खाडाखोड असली तरी चालेल. खोडलेलं रीडिंग खालून वाचता आलं पाहिजे.